‘काही औषध चालू आहे का?’
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



‘आरोग्यावर पाच मिनिटं बोल’ असं संयोजकांनी सांगितलं, तेव्हा त्यांना बहुधा गुडघेदुखी किंवा साखर अपेक्षित असावी. मी बोलणार आहे गर्भनिरोधक गोळ्यांवर. मागच्या बाकांनी आत्ताच हसून घ्यावं! र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं ते १९२१ मध्ये. शंभर वर्षांनंतर तरी आपल्याला हा विषय चारचौघांत काढायला हरकत नसावी.

डोंबिवलीत औषधांच्या दुकानात मी बरीच वर्षं उभी आहे. ‘काही औषध चालू आहे का?’ या प्रश्नाला हमखास उत्तर येतं, ‘नाही.’ पण पर्समध्ये गोळ्यांचं पाकीट असतं आणि घरी वजन उतरवण्याची नाहीतर झोप लागण्याची एखादी कॅप्सूल. गोळी लाजेपोटी सांगितली जात नाही; कॅप्सूल झाडपाल्याची, म्हणून औषधात धरलीच जात नाही. घोटाळा होतो तो नेमका या दोन ‘नाहीं’मुळे.

नववीत यकृताची आकृती आपण सगळ्यांनी काढली आहे. गोळीतल्या संप्रेरकांचं विघटन या यकृतातली एन्झाइम्स करतात. काही पदार्थ ही एन्झाइम्स वाढवतात. मग गोळी वेळेवर घेऊनही तिचा अंश रक्तात लवकर कमी होतो आणि गर्भ राहू शकतो. मध्येच रक्तस्राव दिसला तर ती एक खूण असू शकते. पण खूण दिसेलच असं नाही.

याचं ठळक उदाहरण सेंट जॉन्स वर्ट. ही पिवळ्या फुलांची युरोपीय वनस्पती, उदास मनावर घेतात. आपल्याकडे ती ऑनलाइन मिळते, परदेशातल्या नातेवाइकांच्या बॅगेतूनही येते. ही वनस्पती गोळ्यांचाच नव्हे, तर दंडात बसवलेल्या इम्प्लांटचाही परिणाम कमी करते, असा इशारा ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०१४ मध्ये दिला होता. कॅप्सूल बंद केल्यावरही हा प्रभाव सुमारे दोन आठवडे टिकतो. पोट साफ करण्यासाठी विकल्या जाणाऱ्या कोळशाच्या गोळ्यांची तऱ्हा वेगळी. त्या गर्भनिरोधक गोळी आतड्यातच शोषून धरू शकतात.

प्रत्येक काढा किंवा चूर्ण असं करतं, असं मी म्हणत नाही. आजीच्या बटव्याशी माझं भांडण नाही. ज्या वनस्पतीत गुण देण्याइतकी ताकद आहे, तिच्यात दुसऱ्या औषधाला आडवं जाण्याचीही ताकद असू शकते, एवढंच माझं म्हणणं.

आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यात याच जातीचं आणखी एक औषध लक्षात ठेवायला हवं: टीबीवरचं रिफॅम्पिसिन, ज्याने लघवी नारिंगी होते. ते तर सेंट जॉन्स वर्टपेक्षाही जोरकस. बंद केल्यावरही चार आठवडे परिणाम उरतो. फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधंही त्याच गटातली. म्हणून टीबीचं किंवा फिट्सचं औषध कुणी स्वतःहून थांबवायचं नाही! बदलायचं असेल तर गर्भनिरोधनाचं साधन, तेही डॉक्टरांना विचारून. तांबी आणि सरकारी दवाखान्यात मिळणारं तीन महिन्यांचं ‘अंतरा’ इंजेक्शन यांच्यावर या औषधांचा परिणाम होत नाही. नंतर घ्यायची तातडीची गोळी मात्र अशा वेळी कमी पडू शकते. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी तिथे जास्त खात्रीची.

आपल्यापैकी अनेकांच्या मुली, सुना आता या वयाच्या आहेत. त्यांना उपदेश नको, एक सोपी सवय सांगा. घरात जे जे पोटात जातं, पावडर, चूर्ण, कॅप्सूल, गोळी, त्या प्रत्येकाच्या लेबलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवायचा आणि डॉक्टरांनी, वैद्यांनी किंवा आमच्यासारख्या दुकानदारांनी विचारलं की तो पुढे करायचा. बोलायला लाज वाटली तरी फोटो दाखवता येतो. आणि पुरुषमित्रांनो, हे काम तुम्हीही करू शकता. गोळी एकटी बायको घेते, पण जबाबदारी दोघांची असते.