उरलेल्या भाजीची ओयाकी
(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जपानमधल्या आपल्या शाकाहारी घरांची एक अडचण सगळ्यांच्या ओळखीची आहे. थंडी सुरू झाली की कोम्बिनीच्या काउंटरवर काचेच्या पेटीत निकुमान वाफाळायला लागतात. मुलं हट्ट धरतात आणि आत असतं डुकराचं मांस! त्याच वेळी घरी फ्रिजमध्ये कालची वाटीभर भोपळ्याची भाजी पडून असते, तिला कोणी हात लावत नाही. या दोन्ही दुखण्यांवर एकच औषध सांगतो. ओयाकी.

ओयाकी हा नागानोचा पदार्थ. १९९८ साली हिवाळी ऑलिंपिक झालं तोच हा डोंगराळ, थंड मुलूख. तिथे भातशेती अवघड, म्हणून गव्हाच्या आणि सोबाच्या पिठावर भिस्त. पीठ मळायचं, घरात असेल ते आत भरायचं आणि इरोरीच्या, म्हणजे घरातल्या चुलीच्या, राखेत भाजायचं. सारण काय? नोझावानाचा खारवलेला पाला, लाल भोपळा, मिसो घातलेलं वांगं, वाळवलेला मुळा, नाहीतर गोड अझुकी. तेव्हा आपण आपली भाजी भरली तर काही बिघडत नाही. घरात आहे ते भरणं हीच तिची मूळ रीत! विकतच्या ओयाकीत मात्र भाजी असली तरी माशाचं दाशी असू शकतं. घरी केली की ती काळजी मिटली.

आता कृती. आठ नगांसाठी २०० ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ आणि साधारण १२० मिली गरम पाणी. पोळीच्या कणकेइतकं मऊ मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. हा अर्धा तास वाचवू नका, नाहीतर पारी लाटताना आक्रसते. सारण अंदाजे २८० ग्रॅम लागतं, म्हणजे प्रत्येकी ३५ ग्रॅम.

सगळं यश सारणाच्या कोरडेपणात आहे. बटाट्याची सुकी भाजी, भरीत, घट्ट पिठलं चालतं. उसळ असेल तर रस्सा निथळून दाणे ठेचून घ्या. भाजी ओलसर असेल तर कढईत परता आणि चमचाभर भाजलेलं बेसन घाला. शिळी भाजी फ्रिजमधली आणि एक-दोन दिवसांचीच घ्या. आधी वाफ येईपर्यंत गरम करा, मग निववून भरा. गरम सारणाने पारी फाटते.

पारी कडेला पातळ, मध्ये जाड ठेवा. पुरणपोळीसारखं तोंड मिटून वरचं जास्तीचं पीठ काढून टाका आणि हाताने चपटं करा. तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजू दोन-तीन मिनिटं भाजा. मग पाव वाटी पाणी घालून लगेच झाकण ठेवा. सात-आठ मिनिटांनी झाकण काढून पाणी आटू द्या, की तळ पुन्हा खुसखुशीत होतो.

जास्तीच्या ओयाकी गार झाल्यावर एकेक गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा. दिवाळीनंतर उरलेल्या पुरणाचीही फार छान होते.

कोणी म्हणेल, ही कसली जपानी? मंडळी, जपानी 'पान' आणि आपला 'पाव' हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांकडूनच आलेले. तोक्योच्या किमुरायाने १८७४ साली त्या परक्या पावात आपलं अझुकीचं पुरण भरलं आणि आन्पान जन्माला आला. परक्या पिठात घरचं सारण भरायची रीत इथलीच आहे.

आपल्याकडे फोडणीची पोळी आहे, फोडणीचा भात आहे. अन्न टाकायचं नाही, हे आपल्या आज्यांनी शिकवलं. इथल्या आज्या त्यालाच 'मोत्ताइनाइ' म्हणतात. आपल्या मुलांना मराठी किती येईल ठाऊक नाही, पण भरलेलं ताट टाकू नये हे त्यांना दोन्ही भाषांत कळायला हवं. या रविवारी त्यांना पारी करायला बसवा. वेड्यावाकड्या झाल्या तरी खातात, कारण स्वतः केलेल्या असतात!