मुंबई ते दाबोळी : अंतराचा हिशेब आणि वेळेचा

नकाशावर पट्टी ठेवून मोजले, तर मुंबईच्या विमानतळापासून गोव्यातील दाबोळीपर्यंतचे अंतर सुमारे ४२५ किलोमीटर भरते. जेट विमान ऐन वेगात असता ताशी ८०० किलोमीटर सहज तोडते. शाळेतला मुलगा लगेच त्रैराशिक मांडील आणि सांगेल, ‘अर्ध्या तासाहून थोडे अधिक.’ वेळापत्रकात मात्र सव्वा तासाच्या आसपासचा आकडा असतो.

मधला पाऊण तास जातो कोठे? श्रोतेहो, वेळापत्रकातील घड्याळ विमान जागचे हलले की सुरू होते, आकाशात चढल्यावर नव्हे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोहोंवरून एकाच वेळी मोकळेपणाने ये-जा करता येत नाही आणि विमानांना रांगेत तिष्ठावे लागते. इतक्या आखूड प्रवासात विमान पुरते वेगात येते न येते, तोच उतरण्याची तयारी सुरू होते. शिवाय विमान कंपन्याही पदरची काही मिनिटे आधीच मिळवून ठेवतात, म्हणजे रेंगाळलेले विमानही वेळेवर आले असे म्हणता येते! याला लबाडी म्हणावे की दूरदृष्टी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पण याच दोन ठिकाणांमधला प्रवास एके काळी कोणत्याच त्रैराशिकात बसत नव्हता. १९५५ साली भारताने गोव्याची हद्द बंद केली, रेल्वेही थांबली. त्याच सुमारास पोर्तुगीजांनी दाबोळीचा विमानतळ उभारला. तेथून उडणारी विमाने मुंबईस येत नसत. ती समुद्रावरून दमण, दीव आणि कराचीकडे जात. कराची १२०० किलोमीटरांहून दूर. मुंबई त्याच्या एक तृतीयांश अंतरावर, आणि तेथे तर धोबीतलाव-गिरगावच्या कुडांतून गोव्याचे खलाशी, आचारी, वाजंत्री दाटीवाटीने राहत होते. त्यांच्यापैकी कोणाची आई अंथरुणाला खिळली, तर विमानाचा तास त्याच्या काय उपयोगाचा? त्याची वाट परवान्यावर अडलेली असे.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय विमानदलाने दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. तरीही त्या रात्री दोन प्रवासी विमाने तेथून निसटली, आणि गेली तीही कराचीलाच. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. पुढे दाबोळी नौदलाचा तळ झाली आणि प्रवासी विमानांना नौदलाच्या सवडीने वेळा मिळू लागल्या.

जानेवारी २०२३ पासून गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात, मोपा येथील विमानतळही वापरात आला. मुंबईहून तो आकाशमार्गाने सुमारे ४० किलोमीटर जवळ पडतो. विमानाला ही वाट चार-पाच मिनिटांची. परंतु मोप्याहून मडगाव रस्त्याने ६० किलोमीटरांहून अधिक दूर आहे. दाबोळीहून मात्र निम्म्याहून कमी. सासष्टीत कोणाच्या अंत्यविधीस तातडीने निघालेल्या माणसाने म्हणूनच नुसती तिकिटावरची वेळ पाहू नये. उतरल्यानंतरचा रस्ता आधी मोजावा. पेडण्याच्या किंवा म्हापशाच्या माणसाचा हिशेब अर्थातच उलटा येईल.