आधी आराखडा, मग जोडणी



गुरुजींच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानात बोलण्याचा मान शाळेने मला दिला, याबद्दल मी ऋणी आहे. छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्सची उपकरणे करणाऱ्या विद्यार्थ्यांशी मला आज बोलावयाचे आहे. विज्ञान प्रदर्शनात बाजारातला तयार संच मांडला, तरी तो चालतो. पण ‘येथे ४७० ओहमचाच रेझिस्टर का?’ असे परीक्षकांनी विचारले की मांडणारा गप्प होतो. उत्तर देण्याचे बळ स्वतः केलेल्या आराखड्यातूनच येते.

एक उदाहरण घेऊ. नर्मदेचे पाणी जलूदहून पंपांनी चढवून आपल्या इंदुरात आणले जाते. तेच पाणी गच्चीवरील टाकीतून वाहून जावे, ही केवढी नासाडी! तेव्हा टाकी भरताच वाजणारा भोंगा करावयाचा आहे. सुटे भाग आणण्यापूर्वी कागदावर लिहावे: तो कोठे बसणार, किती वेळ दक्ष राहणार आणि त्याला वीज कोठून मिळणार?

आवाजासाठी ५५५ हा टायमर आयसी आणि विजेसाठी ९ व्होल्टची बॅटरी घेतली. सूचक एलईडी सुमारे २ व्होल्ट घेतो; उरलेल्या ७ व्होल्टना १५ मिलिअँपिअरने भागले की सुमारे ४६७ ओहम येतात. म्हणून बाजारात मिळणारा ४७० ओहमचा रेझिस्टर! मात्र खरी अडचण पुढेच आहे. हा आयसी भोंगा न वाजवताही सुमारे ५ मिलिअँपिअर प्रवाह घेतो. बॅटरीची क्षमता ५०० मिलिअँपिअर-तास धरली, तर ती १०० तासांत, म्हणजे चार दिवसांतच संपेल. याउलट पाणी दोन शलाकांना टेकल्यावरच ट्रान्झिस्टर सुरू होऊन आयसीला वीज मिळेल अशी मांडणी केली, तर वाट पाहण्यात बॅटरी जवळजवळ खर्च होत नाही. भाग तेच, केवळ जुळणी बदलली.

आराखडा म्हणजे पुष्कळदा वगळण्याचीच कला असते. हा आयसी हान्स कामेन्झिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी रचला आणि १९७२ मध्ये तो बाजारात आला. पहिल्या आराखड्यात त्याला नऊ पाय लागत होते. आतील स्थिर प्रवाह देणाऱ्या मंडलाऐवजी साधा रेझिस्टर चालेल, हे पुढे त्यांच्या ध्यानी आले. एक पाय कमी झाला आणि आयसी आठ पायांच्या लहान आवरणात मावला.

टेबलावर उत्तम चालणारे मंडल गच्चीवर फसते, याचीही कारणे आहेत. लांब तारेत घरातील विजेची गुणगुण शिरते व भोंगा अकारण वाजतो. ट्रान्झिस्टरच्या बेसपाशी लहान कपॅसिटर जोडल्यास ती आवरते. पाण्यातून एकाच दिशेने प्रवाह वाहिला की तांब्याची शलाका झिजते, म्हणून ती स्टेनलेस स्टीलची घ्यावी. पंप आपोआप बंद करण्याचा मोह होईल. पण २३० व्होल्टच्या विजेला जाणकारांच्या देखरेखीविना हात लावू नये. भोंगा वाजावा आणि माणसाने बटण बंद करावे, एवढी मर्यादा आरंभी पुरे.

विद्यार्थिमित्रहो, प्रत्येक भागापुढे ‘का?’ लिहा आणि उत्तर मिळाल्यावरच सोल्डरिंगला बसा. असे केलेले उपकरण बिघडले, तरी ते दुरुस्त करणारा घरातच असतो.