तेल चोळून न थांबणारं दुखणं



कापूस वेचणीचे दिवस आले की आपल्या देवळीच्या आसपास घरोघरी एकच तक्रार. कंबर धरली, मांडी भरून आली. रात्री तेल चोळायचं, सकाळी पुन्हा वावरात. यातली बहुतेक दुखणी खरंच कामाची असतात, चार दिवस विसावा मिळाला की उतरतात. त्यांना घाबरायचं कारण नाही. आज सांगते ते न उतरणाऱ्या एका दुखण्याबद्दल.

हाडाचा एक कॅन्सर आहे, नाव युइंग सार्कोमा. अमेरिकेतल्या जेम्स युइंग नावाच्या डॉक्टरांनी 1921 साली तो वेगळा ओळखून मांडला. वर्षाला दहा लाखांत जेमतेम एखाद्याला होतो, आणि तोही बहुतेक दहा ते वीस वर्षांच्या पोरापोरींना. अडचण इथेच आहे. पोराचा पाय सुजला तर आई लगेच दवाखान्यात नेते. पस्तिशीतल्या बाईला हाच आजार झाला तर तो कुणाच्या मनातही येत नाही. तिच्याही नाही आणि कधी कधी डॉक्टरांच्याही नाही.

मोठ्या माणसांत हा आजार कमरेच्या खालच्या मोठ्या हाडात, मणक्यात किंवा बरगडीत जास्त आढळतो. कधी तर हाडात नसतोच, मांडीच्या मांसात गाठ धरतो. कमरेच्या हाडातली गाठ आत वाढायला पोटात जागा भरपूर, त्यामुळे बाहेरून काही दिसत नाही. ती नसेवर दाबली की पायात मुंग्या येतात, मग सायटिका म्हणतात. नाही तर आपण स्वतःच सांगतो, “सिझरच्या वेळी कमरेत सुई दिली होती ना, तेव्हापासूनच आहे.” ही सुई बिचारी किती दुखण्यांचा आळ घेते! तिच्या नावावर टाकलं की तपासणी राहून जाते.

मग ओळखायचं कसं? कामाचं दुखणं पाठ टेकली की कमी होतं. हे रात्री वाढतं, झोपेतून उठवतं. एकाच जागी राहतं, आठवड्यागणिक जोर धरतं. कधी कणकण येते, वजन उतरतं, सूज हाताला गरम लागते. कुणाचं हाड साध्या ठेचेनं मोडतं. ठेच लागल्यामुळे कॅन्सर होत नाही, पोखरलेलं हाड ठेचेनं उघडं पडतं एवढंच. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आईकडून लेकीलाही सहसा येत नाही.

ताप आणि वजन उतरणं म्हटलं की आपल्याकडे आधी टीबी आठवतो. हाडाचा टीबी आपल्याकडे खरंच असतो, आणि तो याच्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांना होतो. पण हाडाच्या टीबीच्या गोळ्या सुरू करण्याआधी तुकडा काढून तपासायचा का, हे डॉक्टरांना विचारा. सुरू असलेल्या गोळ्या मात्र मनानं बंद करू नका.

तीन-चार आठवडे असं दुखलं तर एक्स-रे काढा. या आजारात हाडावर कधी कधी कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर दिसतात. कमरेच्या हाडात मात्र एक्स-रे फसवतो. तो साफ आला आणि दुखणं तसंच राहिलं तर एमआरआयबद्दल विचारा. तोवर त्या जागी मालीश नको, हाडवैद्याकडून ओढून घेणं नको, डाग देणं तर नकोच.

गाठीचा तुकडा कुठेही काढून घेऊ नका. सुई कुठून घालायची हे पुढचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं असतं, कारण ती वाटसुद्धा ऑपरेशनात काढावी लागते. वाट चुकली तर वाचू शकणारा पाय जाऊ शकतो. वर्ध्याकडे जाताना सावंगीचं रुग्णालय आहे, पुढे सेवाग्रामचं कस्तुरबा आहे. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे आणि मुंबईला टाटा. कुठे जायचं ते पहिल्या डॉक्टरांना विचारूनच निघा.

उपचार लांब चालतात. आधी काही महिने सलाईनमधून औषध, मग ऑपरेशन किंवा शेक किंवा दोन्ही, आणि पुन्हा औषध. सगळं मिळून आठ महिने ते वर्ष. आता बरेचदा पाय न कापता तेवढं हाड काढून कृत्रिम सांधा बसवतात. आजार एकाच जागी असताना सापडला तर निम्म्याहून जास्त लोक बरे होतात. फुप्फुसात पसरल्यावर ही आशा बरीच कमी होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा.

आणखी एक, जे लाजेनं विचारायचं राहून जातं. या औषधांनी पाळी बंद पडू शकते, पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. तरुण बाई असेल तर पहिलं सलाईन लागण्याआधीच डॉक्टरांशी हे बोलून घ्या, काही उपाय त्याआधीच करता येतात. नवऱ्याला किंवा सासूला सोबत बसवलं तरी चालेल, पण प्रश्न तिनं स्वतः विचारावा.