पहिली नोकरी आणि पहिल्या महिन्याचे छप्पर
(विहाराच्या वर्धापनदिनी चिंचपाडा येथे केलेले भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला तो पदवीनंतरच्या पहिल्या नोकरीचा. आपल्या वस्तीत हा विषय घराघरांत बसलेला आहे. पोरगा किंवा पोरगी बी.ए., बी.कॉम. झाली की आठ दिवस पेढे आणि कौतुक. मग जो भेटेल तो विचारतो, "काय, लागला का कुठं?" विचारणारे पुष्कळ आहेत. हात देणारे किती आहेत, याचा विचार आज करू या.

आपल्या चिंचपाडा स्टेशनवरून गाडी सुरतेला जाते. सुरतेच्या पुढे बडोदे. त्याच बडोद्यात बाबासाहेबांची पहिली नोकरी झाली. मुंबई विद्यापीठाची बी.ए. होऊन ते १९१३ च्या जानेवारीत बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले. थोडे दिवस जातात न जातात तोच वडील अत्यवस्थ असल्याचे कळले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजीबाबा गेले. पहिली नोकरी अशी काही दिवसांची ठरली.

पुढे सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेला गेले. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. त्याप्रमाणे १९१७ साली ते पुन्हा बडोद्याला आले. कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदवी हातात, लंडनमधले शिक्षण पाठीशी आणि नोकरी आधीच ठरलेली. पण राहायला खोली मिळेना! शेवटी पारशी नाव लावून ते एका पारशी उतारगृहात राहिले. अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन दारात आले आणि जागा सोडायला लावली. दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांकडेही सोय झाली नाही. मग गाडीची वेळ होईपर्यंत कमाटी बागेत बसून काढली आणि ते मुंबईला परतले. हा सगळा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

बंधू-भगिनींनो, नोकरी सुटली ती कशापायी? ज्ञान कमी पडले होते काय? मुळीच नाही. कचेरीत अपमान होताच, पण रात्री पाठ टेकायला छप्पर नाही म्हटल्यावर माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जाणार कुठून?

त्यानंतर मुंबईत त्यांनी शिकवण्या केल्या. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. १९२० मध्ये ती सोडून ते अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले, तेव्हा स्वतःची शिल्लक होती, शाहू महाराजांची मदत होती आणि नवल भथेना या पारशी मित्राचे पाच हजार रुपये उसने होते. एवढ्या मोठ्या माणसालाही कुणाचा तरी हात लागला, तर आपल्या पोरांना का लागू नये?

आणखी एक गोष्ट तरुणांनी ध्यानात ठेवावी. १९५६ साली आपल्या वाडवडिलांनी धम्म स्वीकारला. त्यानंतर केंद्र सरकारच्या नोकरीत बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडले. तब्बल ३४ वर्षे! म्हणून आज जो कागद तुम्ही अर्जाला जोडता, त्याच्यामागे किती जणांची वाट पाहणे आहे हे विसरू नका.

आता कागदांचेच बोलू. राज्य शासनाच्या राखीव जागेवर निवड झाली तरी जात वैधता प्रमाणपत्र मागतात. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेतला दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदीचा उतारा, जुना सातबारा, जे काही असेल ते आजच शोधायला लागा. घरात शाळेत गेलेला आजोबा नसेल, तर चुलत आजोबाचे बघा. केंद्राच्या नोकरीसाठी जातीच्या दाखल्याचा नमुना वेगळा असतो, तोही काढून ठेवा. जाहिरात आल्यावर तहसीलच्या चकरा मारत बसलात, तर अर्जाची तारीख निघून जाते. पदवीच्या शेवटच्या वर्षालाच ही फाईल तयार पाहिजे.

एवढे करून नोकरीचे पत्र आले, समजा. सुरत, नाशिक, पुणे, मुंबई, कुठेही. तिथे अनामत रक्कम मागतात, एक महिन्याचे भाडे आगाऊ मागतात. पगार महिनाभराने. आडनाव ऐकल्यावर "खोली आत्ताच दिली" म्हणणारे आजही भेटतात. मुलगी असेल तर आई-बाप म्हणतात, "परक्या शहरात राहील कुठं?" आणि आलेली ऑर्डर पेटीत पडून राहते. सांगा, बडोद्याची गोष्ट संपली का?

म्हणून आमची या वर्धापनदिनी एक मागणी आहे. विहारात एक वही ठेवा. आपल्यापैकी ज्यांचा भाऊ, जावई, मामा, मावशी शहरात आहे, त्यांनी त्यांना विचारून नाव, गाव आणि फोन नंबर वहीत लिहावा. नवीन लागलेल्या पोराला किंवा पोरीला पहिला महिनाभर घरात जागा द्यायची, बस्स. जागा देता येत नसेल, तर खोली शोधायला सोबत जायचे. दुसरे, समितीने वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढावी आणि पहिल्या महिन्याच्या खर्चाला उसनी द्यावी. पगार झाला की त्याने ती परत करायची आणि आपले नावही वहीत लिहायचे, म्हणजे पुढच्याची सोय झाली.

आणि नोकरी लागेपर्यंत जी पोरं घरी आहेत, त्यांना टोचून बोलू नका. मिळेल ते प्रामाणिक काम करीत त्यांनी अभ्यास चालू ठेवावा. शिकवण्या तर बाबासाहेबांनीही केल्या.

वही समितीच्या टेबलावर ठेवली आहे. पहिले नाव आम्ही लिहितो. आपण घरी जाण्यापूर्वी दुसरे लिहावे, एवढी विनंती करून आमचे दोन शब्द संपवतो.

जय भीम! जय बुद्ध!