वाद घालणाऱ्या बायांचा विश्वास

उमरी, मुदखेड, धर्माबाद, देगलूर, उदगीरकडच्या माझ्या ख्रिस्ती मायबहिणींनो,

आपल्याकडं 'विश्वासू बाई' कुणाला म्हणतात? रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन सतरंज्या अंथरणारी, भजनाला टाळी धरणारी आणि घरात, मंडळीत कुणी काही बोललं तरी मान खाली घालणारी. पहिल्या दोन गोष्टींबद्दल माझी तक्रार नाही. तिसरीबद्दल आहे. बायांनी गप्प बसावं म्हणणारी पौलाची वचनं लगेच पुढं केली जातील, ठाऊक आहे. पण खुद्द प्रभूनं काय केलं?

मत्तयाच्या पंधराव्या अध्यायातली कनानी बाई आठवा. परक्या जातीची, लेक आजारी. शिष्य वैतागले, हिला घालवून द्या म्हणाले. प्रभूही आधी बोलले नाहीत. मग बोलले ते कठोरच. दुसरी असती तर डोळ्याला पदर लावून निघून गेली असती. हिनं प्रभूचाच शब्द धरला आणि त्यावरून उलट उत्तर दिलं. त्या उत्तरालाच प्रभूनं मोठा विश्वास म्हटलं, आणि लेक बरी झाली.

आता आपल्या महाराष्ट्रातल्या लक्ष्मीबाई टिळक. जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडलांचं सोवळं इतकं कडक की घरच्यांना जीव नकोसा व्हावा. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांच्या नवऱ्यानं, नारायण वामन टिळकांनी, मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नवरा गेला तिकडं बायकोनं जावं, हा त्या काळचा सरळ हिशेब. लक्ष्मीबाई गेल्या नाहीत. पोटच्या पोराला घेऊन वेगळ्या राहिल्या. पुढं टिळकांबरोबर राहायला आल्या तरी सोवळं सोडलं नव्हतं. मग विचार करता करता त्यांचं त्यांनाच उमगलं, की जाती माणसानं केल्या, देवानं नाही. त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं पाणी चालू लागलं. बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, 1900 साली. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर तब्बल पाच वर्षांनी!

मला त्यांच्या बाप्तिस्म्याइतकीच ही पाच वर्षं मोलाची वाटतात. त्या अडून बसल्या, म्हणून त्यांचा विश्वास त्यांचा झाला. 1919 साली टिळक वारले तेव्हा 'ख्रिस्तायन' या त्यांच्या काव्याचे जेमतेम साडेदहा अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट या बाईनं लिहिले. शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं! त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' तर वेगळंच. ज्यांना वाचता येतं त्यांनी वाचावं, येत नाही त्यांनी सुनेकडून, नातीकडून वाचून घ्यावं. हसून पोट दुखेल.

पंडिता रमाबाईंचा वाद तर चर्चशीच झाला. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तिथल्या सिस्टरांनी सांगितलेली प्रत्येक शिकवण त्यांनी डोळे मिटून घेतली नाही. रमाबाई पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणार म्हटल्यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. त्या हरकतीलाही त्यांनी पत्रातून सडेतोड उत्तर दिलं. परक्या मुलखात, आश्रयाला असलेली तरुण विधवा, कडेवर लेक! आणि याच बाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी पोरींना केडगावला घेऊन आल्या. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनात त्या पोरी शेती करू लागल्या, माग चालवू लागल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल तिथंच बायांच्या हातून छापलं गेलं.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेल्या आज्या आपल्यातही आहेत. कापूस वेचून, सोयाबीन काढून लेकरं शिकवणाऱ्या तर घरोघरी आहेत. यांना हिंमत शिकवायला मी कोण? रानात मुकादमाशी मजुरीवरून भांडणारी हीच बाई मंडळीच्या बैठकीत दाराशी का बसते, एवढंच मला विचारायचं आहे.

तेव्हा पुढच्या बैठकीला जरा पुढं सरकून बसा. दानपेटीचा हिशेब विचारा. उपदेशातलं कळलं नाही तर पाळकसाहेबांना थांबवून पुन्हा सांगायला लावा. पोरगी नर्सिंगला जायचं म्हणत असेल आणि घरात सोयरिकीची घाई चालली असेल, तर महिला मंडळानं चौघीजणींनी मिळून तिच्या बापाकडं जावं. एकटीचं तो ऐकणार नाही. आणि पाळकसाहेबहो, ऐकत असाल तर तुम्हालाही विनंती आहे: एखाद्या रविवारी कनानी बाईवर उपदेश ठेवा, आणि तो एखाद्या बाईलाच करू द्या. सतरंज्या त्या दिवशी गडीमाणसं अंथरतील.