शिकण्याचीही सावड घालू या

(तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



 मला सांगितलंय की पोरापोरींच्या कामाबद्दल बोल. मी बारावी झालेली आहे, भाषणाची सवय नाही. कामाचं आहे तेवढं बोलते.

आपण इथं जमलोय ते गावोगावी वनहक्काच्या दाव्यांचं काम करणारे. कुणी दहावी, कुणी बारावी, कुणी आठवीतून शाळा सोडलेला. पगार कुणालाच नाही. एसटीचं भाडंसुद्धा पुष्कळदा घरातून घ्यावं लागतं, आणि मग घरचे विचारतात, यातून तुला मिळतं काय? तरी पाड्यावर गेलं की लोक कागद आपल्या हातात देतात. एखादी आजी पत्र्याची पेटी उघडते, फडक्यात गुंडाळलेली दंडाची जुनी पावती काढते आणि म्हणते, सांभाळ गं पोरी. तिच्या अख्ख्या जन्माची जमीन त्या एका कागदावर आहे. म्हणून आपलं काम नीट होणं ही गंमतीची गोष्ट नाही.

आता अडचण सांगते. एका गावात एक मुलगा फार चांगलं काम करत होता. तीन पाड्यांचे कागद त्याच्याकडे. दिवाळीनंतर घरच्यांबरोबर त्याला वीटभट्टीवर जावं लागलं. पोट आहे, त्याला कोण नाव ठेवणार? पण कुणाचा दावा कुठं अडकलाय, कुणाला पोच मिळाली, कुणाचे जबाब लिहायचे राहिले, हे सगळं त्याच्या एकट्याच्या डोक्यात होतं. तो गेला आणि तिन्ही पाडे थांबले. त्यातच उपविभागीय समितीनं काही दावे नाकारले. नाकारल्याच्या निर्णयापासून 60 दिवसांत जिल्हा समितीकडे अपील करता येतं. कागद पाड्यावर पोचायला दिवस गेले, वाचून कुणी सांगायला दिवस गेले. शेजारच्या गावातल्या मुलीला ते कळलं, ती धावली, म्हणून अपील मुदतीत गेलं. तिला कळलं नसतं तर?

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. जे एकाला येतं ते दुसऱ्याला आलं पाहिजे. आवणीला आपण सावड घालतो. आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या शेतात सगळे. एकट्याची आवणी मागं पडते, सावडीत सगळ्यांची वेळेवर होते. तशी शिकण्याचीही सावड घालू या.

आपल्यात कुणाला काय येतं ते बघा. एका मुलाला जीपीएस मशीन धरता येतं. मोठ्या झाडाखाली आकडा हलतो, उघड्या आभाळाखाली थांबायचं, बांधाच्या प्रत्येक कोपऱ्यावर आकडा स्थिर झाल्यावरच नोंद करायची, शेजारच्या दोन्ही शेतकऱ्यांना बरोबर घ्यायचं, हे त्याला काम करून करून कळलं. मोजणीवरून पुढं भांडण होत नाही. पण हे त्यालाच माहीत राहिलं तर उपयोग काय?

दुसऱ्या एका मुलीला पुरावे चांगले समजतात. ऑफिसात बऱ्याचदा सांगतात, दंडाची पावती नाही तर दावा नाही. ती नियम 13 काढून दाखवते. त्यात रेशनकार्ड आहे, मतदार ओळखपत्र आहे, घरपट्टीची पावती आहे. जमिनीवर केलेले बांध आहेत, जुनी विहीर, स्मशान, देवाची जागा आहे. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबही आहे. तो माणूस स्वतः दावेदार नसावा, एवढंच. यातले एकापेक्षा जास्त पुरावे जोडायचे. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन आपल्या ताब्यात आहे, हे त्यातून दिसलं पाहिजे. ही गोष्ट पाठ असलेलं पोरगं ऑफिसातून हात हलवत परत येत नाही.

तिसरा आमचा साथी, शाळा आठवीपर्यंतच. पण रानातला प्रत्येक नाला, प्रत्येक टेकडी त्याला नावानं माहीत. त्याच्या आजानं दाखवलेलं. सामूहिक दाव्याचा नकाशा काढायला बसलो तेव्हा शिकलेल्यांची पेन्सिल थांबली आणि त्याचं बोट चालायला लागलं. जळण कुठून आणतो, मोहाची झाडं कुठं, गुरं कुठं चारतो, कंदमुळं कुठं, देव कुठं बसलाय. फॉर्म भरता येणाऱ्यानं त्याच्याकडून हे शिकायचं, आणि त्यानं फॉर्म शिकायचा. इथं कुणी मास्तर नाही आणि कुणी ढ नाही.

बाईमाणसाची गोष्ट वेगळी सांगते. लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो, कलम 4(4) तसं सांगतं. विधवा किंवा एकटी बाई घर चालवत असेल तर तिच्या एकटीच्या नावानं. पण नवऱ्यानं टाकलेली बाई चार पुरुषांसमोर आपलं दुखणं कसं सांगणार? आमच्याकडे पोरी आलटून पालटून एकमेकींच्या पाड्यावर जातात आणि चुलीजवळ बसून बायांशी बोलतात. त्यातून कळलं की काही दाव्यांत बायकोचं नावच टाकलेलं नाही. हे पोरांनीही शिकावं. फॉर्म घेताना पहिलं विचारायचं, बाईचं नाव कुठंय?

गडचिरोली जिल्ह्यात मेंढा (लेखा) गाव आहे, गोंड लोकांचं. 2009 मध्ये त्यांना सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हे एका दिवसात झालं नाही. त्या गावात कित्येक वर्षांपासून अभ्यास गट चालतो. तिथं बसून लोक विषय समजून घेतात, बाहेरच्या जाणत्या माणसालाही बोलावतात, प्रश्न विचारतात. निर्णय मात्र ग्रामसभा घेते, तोही सगळ्यांच्या सहमतीनं. म्हणजे शिकायचं ठिकाण वेगळं आणि ठरवायचं ठिकाण वेगळं. आपणही हे ध्यानात ठेवू. आपण पोरापोरींनी शिकायचं, गावाला समजावून सांगायचं. ठरवणार ग्रामसभा. वनहक्क समितीही ग्रामसभेनं निवडलेली असते, आपण तिचे मदतनीस आहोत. दोन फॉर्म भरता आले म्हणून कुणी पाड्यावर साहेब बनू नये. आणि फॉर्मचे पैसे तर कुणी घेऊच नयेत. दाव्याचा फॉर्म फुकट मिळतो. पैसे मागणारा दिसला तर ग्रामसभेत उभं राहून सांगा.

एक आणखी. शिकवण्याइतकंच धीर देणं महत्त्वाचं. कुणाला फॉरेस्टवाले बोलावतात, धमकावतात, शेतातून निघा म्हणतात. दाव्याची चौकशी पूर्ण होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून काढता येत नाही, हे कलम 4(5) मध्ये लिहिलंय. पण एकटा पोरगा ऑफिसात उभा असला की कलम आठवत नाही, घसा सुकतो. बरोबर दोघं असले की आवाज फुटतो. म्हणून एकट्यानं जायचं नाही. आणि दाव्यांच्या धावपळीत ज्याची आवणी मागं पडली त्याच्या शेतात बाकीच्यांनी एक दिवस जायचं. मग घरचेही म्हणतील, पोरगं फुकट फिरत नाही, याच्यामागं माणसं आहेत.

तर आज या शिबिरात चार गोष्टी ठरवून उठू या.

एक, दर अमावस्येला सगळ्यांनी एका पाड्यावर जमायचं. पाडा दर वेळी बदलायचा. प्रत्येकानं एक अडलेली गोष्ट सांगायची आणि एक नवी शिकलेली.

दोन, प्रत्येक गावात एक वही. दावेदाराचं नाव, दावा दिल्याची तारीख, पोच मिळाली का, काय अडलंय, नाकारला असेल तर निर्णयाची तारीख आणि साठावा दिवस. वही गावात राहील, कार्यकर्त्याच्या पिशवीत नाही. मूळ कागद दावेदाराकडे, आपल्याकडे फक्त झेरॉक्स.

तीन, प्रत्येक कार्यकर्त्याला एक जोडीदार, शेजारच्या गावातला. एक कामाला बाहेर गेला तर दुसरा बघेल. भट्टीवर जाणाऱ्यानं लाजू नये, फक्त निघण्याआधी जोडीदाराला आणि समितीला सांगून जावं.

चार, येणाऱ्या वर्षात प्रत्येकानं आपल्या गावातले दोन नवे तयार करायचे. त्यातली एक मुलगी असलीच पाहिजे.

आपल्या आजा-आज्यांनी दंड भरला, मार खाल्ला, पण जमीन सोडली नाही. तेव्हा त्यांच्याजवळ कागद वाचणारं कुणी नव्हतं. आता आपण आहोत. पुढच्या अमावस्येला येताना आपापल्या गावाची वही घेऊन या.

जोहार! जिंदाबाद!